सावलीतला अशोक

सीताअशोकाचं फूल पाहायला मान वर करावी लागत नाही. पळस, पांगारा, सावर यांचा बहर शेंड्याला असतो, लांबून दिसावा असा. सीताअशोक आतल्या बाजूला फुलतो. जुन्या, जाडसर फांद्यांवर, कधी थेट खोडावर, आपल्या डोळ्यांच्या उंचीला घोस लागतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला नुसतं गच्च हिरवं झाड दिसतं. दोन पावलं पुढे होऊन फांदी बाजूला केली की आत सगळं केशरी.

फाल्गुनात असा एक घोस हातात धरून नीट पाहावा. फुलाला पाकळ्या नसतातच. चार पाकळ्या वाटतात त्या रंगीत झालेल्या निदलांच्या पाळ्या. त्यांच्याखाली बारीक नळी आणि नळीत मध. नळीच्या तोंडातून सहा-सात लांबसडक पुंकेसर बाहेर झेपावलेले, टोकाला जांभळट परागकोश. लांबून घोस केसाळ, रेशमी दिसतो तो या केसरांमुळे. फूल उमलतं तेव्हा पिवळं असतं, मग नारिंगी होतं आणि मावळतीला लाल. घोसातली सगळी फुलं एका दिवशी उमलत नाहीत, म्हणून तिन्ही रंग एकत्र नांदतात. दिवसा वास जेमतेम जाणवतो. दिवेलागणीनंतर मात्र झाडाखालून जाणारा थबकतो.

हे झाड आपल्या दारात नाही, याचं मला वर्षानुवर्षं वाईट वाटत आलं आहे. गुलमोहर आहे, सोनमोहर आहे, पर्जन्यवृक्ष आहे. ही तिन्ही झाडं बाहेरून आलेली, मोठी होणारी, ऐसपैस जागा मागणारी. आपल्या कंपाउंडमध्ये आता उरली आहे ती दोन इमारतींमधली, दुपारी तासभर ऊन येणारी अरुंद पट्टी. तिथे काय लावायचं, असं लोक विचारतात. सह्याद्रीनं याचं उत्तर कधीच देऊन ठेवलंय.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. आपण ज्याला सर्रास अशोक म्हणतो, तो शाळेच्या नि सोसायटीच्या भिंतीला लागून रांगेत उभा असलेला उंच, सुळका, लोंबत्या पानांचा वृक्ष वेगळा. तो आसुपालव. सीताफळाच्या कुळातला. त्याचं फूल हिरवट, पानात लपलेलं. फळं जांभळी, वटवाघळांच्या आवडीची. वाईट झाड नाही ते, पण अशोक नव्हे. सीताअशोक शेंगांच्या कुळातला, म्हणजे चिंचेच्या, आपट्याच्या, बहाव्याच्या नात्यातला. त्याचं पान संयुक्त असतं: एका देठावर चार-सहा जोड्या पर्णिका. नर्सरीत 'अशोक' मागितला आणि समोर सुट्या, लांबट, लाटेसारख्या कडांच्या पानांचं रोप आलं, तर ते परत ठेवावं.

दुसरा घोळ जास्त नाजूक आहे, कारण त्यात नर्सरीवालेही फसतात. मलाया, थायलंडकडचा पिवळा अशोक हल्ली शोभेसाठी विकला जातो. तो याचाच भाऊबंद; पान मोठं, फुलांचे गेंद मोठे आणि बव्हंशी पिवळे. बागेत छान दिसतो. पण आपण लावायला निघालोय तो आपल्या ओढ्याकाठचा, हे विसरू नये. रोप लहान असताना फरक ओळखणं अवघड. त्यावर माझ्या माहितीतला खात्रीचा उपाय एकच: ज्याच्याकडून रोप घेताय, त्याला बी कुठल्या झाडाचं हे विचारा. जमलं तर ते झाड बघून या.

असं आईझाड दाखवणारी एक बाई मला सिंधुदुर्गात भेटली. घराच्या पडवीत आणि मागच्या माडांच्या सावलीत तिची छोटी नर्सरी आहे. रातांबे, जांभूळ, सुरंगी, बकुळ यांची रोपं, आणि एका कोपऱ्यात फक्त सीताअशोक. आईझाड घराखालच्या व्हाळाच्या काठावर, देवाच्या राईत. राईतल्या झाडाला कुणी कोयता लावत नाही, म्हणून ते टिकलं. पाण्याकडे झुकलेलं, पण मुळं काठात घट्ट. खोडाचा घेर माझ्या कवेत मावणारा आणि उंची फार तर पंचवीस फूट. त्यावर अंजनाची आणि इतर मोठ्या झाडांची सावली. ती म्हणाली, "ताई, हेका वरसून ऊन नको, खालसून पाणी होया. येवढाच."

या दोन वाक्यांत सीताअशोकाची सगळी लागवड आली. पश्चिम घाटाच्या सदाहरित आणि निमसदाहरित जंगलात, सातशे-साडेसातशे मीटरच्या खाली, ओढ्यानाल्यांच्या काठी हा वाढतो. मोठ्या झाडांच्या खालच्या मजल्यावरचा रहिवासी. वरून गाळून आलेला उजेड, भुसभुशीत पाचोळ्याची माती, मुळाशी सतत ओल पण पाणी साचत नाही, ही त्याची रीत. घरी तेवढं जमवलं की झालं.

आणि ते कोकणातच जमतं असं नाही. जुन्या घरांना परस असायचं. न्हाणीचं, भांडी घासल्याचं पाणी वाहत जायचं तिथे केळी आणि अळू असायचे. तीच जागा याला उत्तम, साबणाचं पाणी थेट मुळाशी जाणार नाही एवढं पाहावं. शहरात इमारतीची पूर्व किंवा उत्तर बाजू निवडावी. सकाळचं कोवळं ऊन मिळावं, दुपारचं टळावं. पुण्या-नाशकात उन्हाळ्यात पाणी देण्याची तयारी असेल तर तो सुखानं वाढतो. मुंबईत तर दमट हवा त्याच्या घरचीच. भायखळ्याच्या राणीच्या बागेत त्याची झाडं पाहता येतात. विदर्भ-मराठवाड्यात वैशाखातली झळ त्याच्या पानांच्या कडा करपवते. तिथे मोठ्या आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या आडोशाला लावलं आणि पहिली काही वर्षं उन्हाळ्यात हिरव्या जाळीची सावली केली तर जगतं, पण मेहनत आहे. ज्यांच्याकडे नुसतं रखरखीत अंगण आहे, त्यांनी याचा हट्ट धरू नये. पांढरा कुडा, आपटा, पारिजातक, मेडशिंगी ही तितकीच आपली, लहानशी, सुंदर झाडं उन्हाला डरत नाहीत.

खड्डा दोन फूट लांब-रुंद, दोन फूट खोल. भिंतीपासून सहा-आठ फूट सोडावेत. फांद्या खालपासून पसरतात, त्यांना जागा हवी. काळी चिकट माती असेल तर तळाशी मुरूम आणि मातीत वाळू मिसळावी, नाहीतर पावसाळ्यात मुळं कुजतात. शेणखत कुजलेलं असावं. वाळवीचा त्रास असेल तर मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड. रोप पाऊस स्थिरावल्यावर, म्हणजे मृगाच्या पहिल्या सरींनंतर लावावं. बोअरचं पाणी खारट असेल तर पानांची टोकं तपकिरी होतात. तिथे पावसाचं पाणी मुळाशी जिरवण्याची सोय करावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आळं कधीही उघडं ठेवू नये. झाडलोट करून जाळण्यासाठी गोळा केलेला पाचोळा तिथेच पसरावा, चांगला वीतभर, फक्त खोडाला टेकवू नये. या एका गोष्टीनं उन्हाळ्यातलं पाणी वाचतं आणि ओढ्याकाठची माती आपोआप तयार होत जाते.

नर्सरीतल्या त्या बाईनं मला बी कसं निवडायचं तेही दाखवलं. शेंग चपटी, कातडी, वीतभर लांब, कोवळेपणी वांग्याच्या रंगाची. ज्येष्ठाच्या सुमाराला ती काळपट होते, तडकते आणि पिळा खाऊन बिया टाकते. तिनं एक शेंग दोन्ही अंगठ्यांनी उकलली. आत चार-सहा बिया, चपट्या, तपकिरी, अंगठ्याच्या पेराहून मोठ्या. एक उचलून तिनं तळहातावर तोलली, दुसरी बाजूला टाकली. टाकलेली हलकी होती. आत किडीनं घर केलेलं. भरीव बिया रात्रभर पाण्यात, सकाळी वाळू-मातीत आडव्या, वर बोटाच्या पेराएवढा थर. सावलीत ओल टिकली की दोन-तीन आठवड्यांत कोंब येतो.

हे सगळं ताबडतोब करायला हवं. सीताअशोकाचं बी साठवणीचं नाही. धान्यासारखं वाळवून डब्यात भरलं की ते मरतं. म्हणूनच पाकिटातलं बी मागवून हे झाड होत नाही आणि म्हणूनच आईझाड जवळपास असणं एवढं मोलाचं आहे. जंगलातही हीच अडचण: बी पडलं, त्याच पावसाळ्यात रुजलं तर रुजलं. ओढा आटला, वरची सावली तुटली, गुरांनी रोप खाल्लं, तर पुढच्या पिढीचा तो वर्षभराचा डाव संपला.

कोंब आला की पहिल्यांदा लावणारे घाबरतात. नवी पालवी लुळी असते. तांबूस-जांभळट, मऊ, कापडाच्या चिंधीसारखी लोंबणारी. पाणी कमी पडलं किंवा रोग लागला असं वाटतं. काही झालेलं नसतं. आठवडा-दोन आठवड्यांत त्याच पर्णिका ताठ होतात, हिरव्या होतात, चकाकतात. मोठ्या झाडावर ही लोंबती तांबडी पालवी फुटते तेव्हा फुलांच्या बहराइतकीच ती देखणी दिसते. या काळात जास्त पाणी ओतून रोप मारणारे खूप भेटतात, असं त्या बाईचं निरीक्षण.

वाढ सावकाश. पहिल्या वर्षी जेमतेम हातभर. बियांपासूनच्या झाडाला फुलं यायला सहा-सात वर्षं सहज लागतात, कधी त्याहून जास्त. गुटी किंवा कलम केलेलं रोप आधी फुलतं, पण घरच्या बागेसाठी मी बियांचंच रोप सुचवेन. त्याचा बांधा नीट होतो आणि प्रत्येक रोप आपापलं वेगळं असतं, ज्याचं महत्त्व पुढे सांगते. "घाई करून चलाचा नाय," असं त्या बाईनंही बजावलं. गच्चीवर मोठ्या पिंपात लावणारे आहेत. तिथे ते जगतं, खुरटं राहतं. सोसायटीच्या जमिनीतला एक कोपरा मागून घेणं जास्त चांगलं.

छाटणी करू नका. ही विनंती मी जरा जोरात करते, कारण आपल्या शहरांत दर वर्षी पावसाच्या तोंडावर झाडांचे हातपाय तोडायची पद्धत पडली आहे. सीताअशोकाची फुलं येतात ती जुन्या लाकडावर. ज्या फांद्या 'खालच्या आहेत, आड येतात' म्हणून माळी तोडतो, नेमक्या त्यांच्यावर पुढचा बहर असतो. मेलेली काटकी काढा, बाकी झाडाला हात लावू नका.

फवाराही मारू नका. झाड फुललं की मधमाश्या, सूर्यपक्षी, मुंग्या अशी सगळी मंडळी येतात. कोवळी पानं कुरतडलेली दिसली तर जरा वाट पाहावी. काही फुलपाखरांच्या अळ्या या पालवीवर वाढतात. त्यांतलं एक निळ्या फुलपाखरांच्या कुळातलं, इंग्रजीत ज्याला कॉमन इम्पीरियल म्हणतात ते. मागच्या पंखांना लांब, पांढऱ्या, फिती लावल्यासारख्या शेपट्या. ते पानावर बसलं की त्या शेपट्या वाऱ्यावर हलत राहतात. चार पर्णिकांच्या मोबदल्यात हे बघायला मिळत असेल तर तक्रार कशाला?

आता जंगलाकडे वळते, कारण बागेचा हा सगळा खटाटोप ज्याच्यासाठी, ते दुखणं तिथे आहे.

अशोकाची साल हे आयुर्वेदातलं स्त्रीरोगांवरचं जुनं औषध. अशोकारिष्ट घराघरांत माहीत आहे; मासिक पाळीच्या अतिरक्तस्रावासाठी पिढ्यान् पिढ्या दिलं गेलंय. देशातल्या औषधी वनस्पतींच्या मागणीच्या अंदाजांमध्ये अशोकाच्या सालीची गरज वर्षाला २००० टनांच्या वर सांगितली जाते. साल म्हणजे झाडाची कातडी. पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचवणारी तिची आतली बाजू एकदा गोलाकार सोलली गेली की झाड उभ्या उभ्या मरतं. आणि झाड साल देण्याजोगं जाड व्हायला पंधरा-वीस वर्षं. जंगलातून जे येतं ते बहुतेक वेळा अख्खं झाड तोडूनच. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत १९९८ सालीच सीताअशोकाची नोंद 'असुरक्षित' म्हणून झाली.

मागणी आहे, झाडं नाहीत. मग पोत्यात येतं काय? आसुपालवाची साल. ही भेसळ इतकी जुनी आणि सर्वदूर आहे की संशोधकांनी बाजारातल्या सालींची सूक्ष्मदर्शकाखाली आणि डीएनए चाचण्यांनी वारंवार तपासणी केली आहे. सालीचे अख्खे तुकडे असतील तर एक जुने वैद्य रंग, पोत आणि चव यांवरून तिचा अंदाज बांधतात. "पण भरड केलेली आली की माझाही इलाज चालत नाही," असं ते मला म्हणाले. स्वतःच्या वापरापुरती साल ते आता ओळखीच्या बागायतदाराकडून घेतात, वाऱ्यानं मोडलेल्या फांद्यांची. म्हणजे दुहेरी नुकसान: जंगलातून अशोक जातोय, आणि ज्या बाईसाठी म्हणून तो तोडला तिच्या बाटलीत तो असेलच असं नाही. मला हा सगळा व्यवहार लाजिरवाणा वाटतो. ज्या उद्योगाचं नाव या झाडावर चालतं त्यानं आपल्या कच्च्या मालापुरती तरी लागवड स्वतः करावी, ही मागणी ग्राहकांनी लावून धरायला हवी.

दारात झाड असेल तर साल सोलून घरीच काढा करावा, असं मात्र कुणी मनात आणू नये. अतिरक्तस्राव अंगावर काढण्याचं दुखणं नाही; त्याला डॉक्टर लागतो. दारातलं झाड बियांसाठी.

याच झाडाचं बागेशी नातं किती जुनं आहे बघा. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त नाटकाचा अर्धा डोलारा एका न फुलणाऱ्या अशोकावर उभा आहे. सुंदर स्त्रीच्या लाथेनं अशोक फुलतो, असा कविसंकेत. राणी धारिणीचा पाय झोपाळ्यावरून पडून दुखावलेला, म्हणून तिनं हे काम मालविकेला सांगितलं. पाच रात्रींत फुलला तर तुझी इच्छा पुरी करीन, असं वचनही दिलं. हे झाड जंगलातलं नव्हे, राजाच्या प्रमदवनातलं, कुणीतरी हातानं लावलेलं आणि फुलण्याची वाट पाहिलेलं. रामायणातली अशोकवनिकाही बागच. वाल्मीकींच्या वर्णनात सीता बसते ती शिंशपेखाली, पण लोकांनी तिचं नाव दिलं ते अशोकाला. अठराव्या शतकाच्या शेवटी रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं याला शास्त्रीय नाव देताना संस्कृतप्रेमी विल्यम जोन्सची आठवण म्हणून 'जोनेसिया' म्हटलं होतं. आजचं नाव सराका असोका. आणि आपल्या पंचांगात चैत्र शुद्ध अष्टमी, रामनवमीची आदली तिथी, ही अशोकाष्टमी. अशोकाच्या आठ कळ्या खाण्याचा संकेत त्या दिवसाचा. चैत्रात कळ्या मिळतात म्हणजे ज्यांनी हा दिवस ठरवला त्यांच्या आसपास हे झाड होतं. आज तिथी दिनदर्शिकेवर आहे, झाड नाही.

बागेत चार झाडं लावून जंगल वाचतं का, हा प्रश्न मला एका वनाधिकाऱ्यानं विचारला. नाही वाचत. ओढा वाचला, राई वाचली, तोड थांबली, तरच जंगलातला अशोक वाचेल. त्याला पर्याय नाही. बागेचं काम वेगळं आहे. आपल्या तालुक्यातल्या झाडाचं बी आपल्या तालुक्यात रुजलं, तर त्या भागातल्या झाडांचे गुण कुठेतरी जिवंत राहतात. उद्या एखादी राई पुन्हा उभी करायची म्हटलं तर रोपं कुठून आणणार? दूरच्या राज्यातून ट्रकनं आलेल्या एकसारख्या रोपांपेक्षा शेजारच्या वाड्यातल्या झाडाच्या बिया हजार पटींनी बऱ्या. कलमापेक्षा बियांचं रोप घ्या, असं म्हटलं ते यासाठीच. जमलं तर एकाच्या जागी दोन-तीन लावा, वेगवेगळ्या आईझाडांची. एक तुमच्याकडे, एक शेजारी, एक गल्लीच्या तोंडाशी. मधमाशीला तेवढं अंतर काहीच नाही.

पाऊस संपला की लागवडीची वेळ जाते, पण शोधाची सुरू होते. जवळच्या जुन्या बागेत, कॉलेजच्या आवारात, देवळामागे, एखाद्या वाड्यात सीताअशोक आहे का याची चौकशी करून ठेवा. माघ-फाल्गुनात जाऊन तो फुललेला बघा, म्हणजे ओळखीची शंका उरणार नाही. मालकाला सांगून ठेवा की शेंगा झाडून फेकू नका, मला हव्या आहेत. ज्येष्ठात पिशवी घेऊन जा, भरीव बिया निवडा आणि त्याच रात्री भिजत घाला.